दोन हातांची बाई

(कळवण येथील व्याख्यानमालेत दिलेल्या स्मृतिव्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेचं हे पुष्प माझ्या आईच्या स्मरणार्थ आहे. ती ८५ वर्षं जगली. १९५९ साली एएनएमचं प्रशिक्षण पुरं करून ती नोकरीला लागली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तेव्हा जिल्हा परिषदेची कर्मचारी झाली आणि १९९६ साली निवृत्त झाली. मधली बहुतेक वर्षं आपल्या तालुक्याच्या पश्चिमेला, दळवट, जयदर, कनाशीकडच्या डोंगरपट्ट्यात गेली. तिचं नाव मी मुद्दाम घेत नाही. समोर बसलेल्या पुष्कळांना ते ठाऊक आहे, आणि ज्यांच्यासाठी ती राबली त्यांनी ते कधी वापरलंच नाही. त्यांच्यासाठी ती नर्सबाई होती. पुढे नुसतीच बाई.

ती गेली तेव्हा शोकसभेत लोक मनापासून बोलले. सप्तशृंगीचा गड आपल्याच तालुक्यात, त्यामुळे एकानं म्हटलं की बाई म्हणजे गडावरची आईच, तिला अठरा हात होते. दुसऱ्यानं ममतेचा सागर म्हटलं. सेवामूर्ती, त्यागमूर्ती हे शब्दही आले. त्या शब्दांमागची माया मला कळते आणि त्याबद्दल मी ऋणी आहे. पण मी तिची मुलगी आहे, तिला मी जवळून पाहिलं आहे, म्हणून आज मला या शब्दांना नम्रपणे हरकत घ्यायची आहे. देवीला काही शिकावं लागत नाही. आईला शिकावं लागलं. देवीला पगार लागत नाही, रजा लागत नाही, रात्री कडी लावून निजता येईल अशी खोली लागत नाही. आईला ते सगळं लागत होतं, आणि बऱ्याचदा मिळत नव्हतं. एखाद्या बाईला आपण देवी केलं की तिच्या कामाकडे बघायचं राहून जातं. तिला दोनच हात होते. त्या दोन हातांना काय येत होतं, ते सांगण्यासाठी मी इथे उभी आहे.

एक रात्र सांगते. मी तेव्हा शाळकरी होते. वडील दुसऱ्या तालुक्यात प्राथमिक शिक्षक, ते शनिवारी येत. आजीला ताप भरलेला. पावसाळ्याचे दिवस. पाड्यावरून दोघे जण घोंगडी पांघरून बोलवायला आले, आणि कंदील धरायला कुणी हवं म्हणून आईनं मला सोबत घेतलं. घर कुडाचं, जमीन शेणानं सारवलेली, आत धूर. पाड्यावरची सुईण आधीपासून तिथे होती. आईनं तिला बाजूला सारलं नाही. तिच्या शेजारी बसली आणि कळा कधीपासून आहेत, पाणी गेलं का, हे तिलाच विचारलं. मग चुलीवर आधण ठेवायला सांगितलं. मेणकापड अंथरलं. नाळ बांधायचा दोरा उकळत टाकला, नवं ब्लेड त्याच्या कागदातच राहू दिलं. मग हात धुतले. मी तांब्यानं पाणी घालत होते. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटं, पार कोपरापर्यंत. इतका वेळ की मला वाटलं, आतली बाई ओरडते आहे आणि ही हातच धूत बसली आहे.

त्या हात धुण्याचं मोल मला फार उशिरा कळलं. त्या काळी पाड्यांवर नाळ विळ्यानं किंवा हाती येईल त्या धारेनं कापली जायची. आठवडाभरात बाळ दूध ओढेनासं व्हायचं, अंग ताठ व्हायचं, आणि जायचं. लोक त्याला बाहेरचं काही झालं म्हणत. तो धनुर्वात होता. गरोदर बाईला टोचलेलं टीटीचं इंजेक्शन, धुतलेले हात, स्वच्छ जागा, नवं पातं, उकळलेला दोरा आणि नाळेवर राख-शेण काही न लावणं, एवढ्यानं तो थांबतो. आई-बाळाच्या धनुर्वाताचं उच्चाटन भारतानं केलं, यावर शिक्कामोर्तब झालं ते २०१५ साली. त्याआधी कितीतरी नर्सबायांनी कितीतरी वर्षं, कुणी बघत नसतानाही, कोपरापर्यंत हात धुतले होते.

तर ती रात्र. मूल झालं, रडलं. घरात एकदम हालचाल सुरू झाली. बाहेरच्यांनी मुलगा की मुलगी विचारलं. सगळे बाळाकडे वळले. आईनं बाळ पुसलं, गुंडाळलं, बाळंतिणीच्या छातीशी दिलं, आणि त्यानंतर तिनं बाळाकडे पाहिलं नाही. ती रक्ताकडे बघत होती. वार पडली तेव्हा तिनं मला कंदील जवळ आणायला लावला, आणि ती वार दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून, कडेकडेनं निरखून पाहिली. तुकडा आत राहिला असता तर बाई वाचली नसती. मग तिनं बाळंतिणीच्या बेंबीखाली हात ठेवला. गर्भाशय सैल होतं. ती ते चोळत राहिली. हळूहळू ते हाताखाली नारळासारखं टणक झालं. हात काढला, थोड्या वेळानं पुन्हा सैल. पुन्हा चोळणं. बाळाला पाजायला लावलं, कारण बाळ ओढू लागलं की गर्भाशय आपसूक आवळतं, हे तिला ठाऊक होतं. मग सुईणीचा हात धरून तिथे ठेवला आणि टणक कसं लागतं, सैल कसं लागतं, हे तिला तिच्या बोटांनी कळू दिलं. सामानाच्या पिशवीत रक्तस्राव थांबवणारं मेथर्जिन असेल तेव्हा आई ते देई. नसेल तेव्हा हातच होता.

मला झोप आली होती. मी म्हणत होते, झालं ना मूल, चल ना घरी. ती म्हणाली, अजून नाही. मूल झाल्यावर दोन तास ती तिथून हलली नाही. मोठी झाल्यावर मी तिला या दोन तासांबद्दल विचारलं, तेव्हा तिनं सांगितलं, “मूल होईपर्यंत सगळ्या जाग्या असतात. मूल झालं की सगळ्यांचे डोळे मुलाकडे. बाई मरते ती तेव्हा.”

हे वाक्य मला तिच्याबद्दलच्या कुठल्याही गौरवापेक्षा मोठं वाटतं. बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे जगभर मातामृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे, आणि तो तासा-दोन तासांत जीव घेतो. त्या वेळी डोळे कुठे ठेवायचे, हे ममता सांगत नाही. ममता बाळाकडे बघायला लावते. बाळंतिणीकडे बघत राहणं हे शिकून येतं.

आता हे शिक्षण आईपर्यंत कसं आलं, ते थोडं पाहू.

आपल्याकडे परिचारिकेची आठवण काढायची तर सुरुवात सावित्रीबाईंपासून करावी लागते. १८९७ साली पुण्यात प्लेग आला. त्यांचे दत्तक पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाण्यांच्या माळावर दवाखाना उघडला. सावित्रीबाई तेव्हा साठीच्या पुढे गेल्या होत्या. मुंढव्याजवळच्या महारवस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आणलं. स्वतःला प्लेगची लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. आपण त्यांना शाळेसाठी आठवतो, ते योग्यच आहे. पण त्यांचं शेवटचं काम रुग्णसेवेचं होतं, आणि ते आई आणि मुलगा मिळून करत होते.

पगार घेऊन, प्रमाणपत्र मिळवून हे काम करायला मात्र पांढरपेशी घरं तयार नव्हती. परक्याच्या अंगाला हात लावायचा, मलमूत्र उचलायचं, कुठल्याही जातीच्या माणसाला पाणी पाजायचं, रात्रपाळी करायची, हे चांगल्या घरच्या बाईचं काम नव्हे, असा समज होता. हे काम पुष्कळ ठिकाणी आधी हाती घेतलं ते ख्रिस्ती मुलींनी. मिरजेला डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल १८९४ साली उभं राहिलं, आणि तिथे पुढे नर्सिंगचं शिक्षण सुरू झालं. महाराष्ट्रानं या मुलींचं ऋण पुरेसं मानलेलं नाही, असं मला वाटतं. मग रमाबाई रानडे आल्या. १९०९ साली पुण्यात गोपाळ कृष्ण देवधरांच्या साथीनं त्यांनी सेवासदन उभं केलं आणि तिथल्या मुलींना, त्यात कितीतरी बालविधवा, ससून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. माधवराव रानड्यांच्या पत्नीनं हे केलं, म्हणून लोकांची तोंडं थोडी कमी चालली. ज्या बाईला सोवळ्यात एका कोपऱ्यात बसवून ठेवलं जात होतं, तिच्या हातात थर्मामीटर आणि महिन्याचा पगार आला. मला यातला पगार हा शब्द महत्त्वाचा वाटतो. रमाबाईंनी त्या मुलींना नुसतं पुण्य मिळवायला पाठवलं नव्हतं. स्वतःच्या पायावर उभं राहायला पाठवलं होतं.

तरी देशाच्या मानानं हे थेंबभर. १९४६ साली देशाच्या आरोग्याविषयीचा भोर समितीचा अहवाल आला, तेव्हा सबंध हिंदुस्थानात नर्सेस होत्या सुमारे ७,०००. म्हणजे ४३,००० माणसांमागे एक. त्यासुद्धा शहरांत. स्वातंत्र्यानंतर खेड्यापाड्यांत आरोग्य केंद्रं काढायची ठरली, तेव्हा तिथे जाणार कोण, हा प्रश्न होता. डॉक्टर जाणार नव्हते, पूर्ण शिकलेल्या नर्सेस पुरणार नव्हत्या. त्यातून दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची एएनएम तयार करायचं ठरलं. सहायक परिचारिका प्रसविका. पदनामात सहायक असलं तरी पाड्यावर तिच्या वर कुणीच नसे. पुढे आदिवासी आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा दंडक ठरला. कागदावर तो सोपा दिसतो. आपल्या पश्चिम पट्ट्यात ३,००० माणसं म्हणजे गिरणा-पुनदच्या खोऱ्यांतले विखुरलेले पाडे, मध्ये ओहोळ, पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा. आई चालत जायची. रस्त्यापर्यंत एसटी, पुढे पाय.

तिच्या खांद्यावर काय काय होतं, ते आजच्या मुलांना सांगायला हवं. मलेरियासाठी बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घ्यायचं. पाणी निर्जंतुक करायला विहिरीत टीसीएल पावडर टाकायची. हगवण लागलेल्या मुलाच्या आईला मीठ-साखरेचं पाणी करून दाखवायचं. लोहगोळ्या द्यायच्या, आणि त्या भिंतीच्या फटीत न खोचता पोटात गेल्या का, हे पाहायचं. कुष्ठरोग ओळखायला अंगावरच्या चट्ट्याला कापसानं स्पर्श करून कळतंय का बघायचं. चैत्रात गडाच्या यात्रेला खानदेशातून माणसं पायी येत, तेव्हा तिथे ड्युटी. देवीचा रोगी कळवा आणि १,००० रुपये मिळवा, असं गावोगाव भिंतींवर लिहिलेलं असायचं, ते दिवस तिनं पाहिले. देशातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ साली सापडला, आणि तिच्या दंडावरचा, माझ्या दंडावरचा तो व्रण पुढच्या पिढीच्या दंडावर राहिला नाही.

लसीकरणाबद्दल मात्र सविस्तर बोलायला हवं. १९८५ साली सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रम सुरू झाला. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवायची असते, एवढं सगळ्यांना माहीत असतं. ती गरम झाली की बिघडते, हेही कळतं. पण त्रिगुणी लस, धनुर्वाताची लस गोठली तरी वाया जाते, हे फार जणांना ठाऊक नसतं. बर्फाला चिकटून राहिलेली कुपी बाहेरून चांगलीच दिसते. आई ती हातात धरून हलवायची, मग उजेडाकडे धरून स्थिर ठेवायची. आतला गढूळपणा सारखा राहिला तर ठीक. झरझर तळाशी बसला, कण दिसले, की ती बाजूला. एकदा रांगेत बायका पोरं घेऊन बसलेल्या असताना तिनं आणलेली लस परत पेटीत ठेवली आणि सगळ्यांना परत पाठवलं. नांगरणीचा दिवस मोडून आलेल्या होत्या त्या, रागावल्या. वरूनही विचारणा झाली की आकडा कमी का. पाणी टोचून आकडा भरता आला असता, कुणाला कळलंही नसतं. पुढच्या आठवड्यात ती त्याच पाड्यावर नवी पेटी घेऊन गेली.

दुसरी अडचण आपल्या भागाची खास. भात, नागली, वरई निघाली, दिवाळी झाली की पाडेच्या पाडे रिकामे होतात. माणसं दिंडोरी, निफाड, पिंपळगावकडे द्राक्षबागांवर जातात. आजही जातात. लसीचे तीन डोस एकेक महिन्याच्या अंतरानं, आणि मूल दुसऱ्या डोसाला कुठल्या बागेच्या कडेला झोपडीत असेल, कुणास ठाऊक. सरकारी तक्त्यात या स्थलांतराला जागा नव्हती. आईनं आपल्यापुरती रीत बसवली. पोळ्यानंतरच ती घरोघरी विचारायची, यंदा कुठे जाणार, कुणाच्या बागेवर. मुलाच्या कार्डावर मागच्या बाजूला ठळक अक्षरात लिहायची, कुठला डोस झाला, पुढचा कोणता, कधी. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत घालून आईच्या हातात द्यायची आणि सांगायची, हे भाकरीच्या फडक्यात बांध, तिकडच्या नर्सबाईला दाखव. त्या तिकडच्या नर्सबाईला ती कधी भेटली नाही. पण होळीला माणसं परत आली की कार्डांवर दुसऱ्याच कुणाच्या अक्षरात तारखा असायच्या. ते अक्षर पाहून तिला फार आनंद व्हायचा. ती मला दाखवायची, बघ, हिनं लिहिलंय.

तिच्या आयुष्यातला सर्वांत कठीण काळ कोणता, असं कुणी विचारलं तर मी आणीबाणीची दोन वर्षं सांगेन. ती त्याबद्दल कमी बोलली, म्हणून मीच बोलते. १९७६ साली महाराष्ट्राच्या विधिमंडळानं सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे त्याचा कायदा झाला नाही, पण खाली काम करणाऱ्यांपर्यंत जो संदेश जायचा तो गेला. प्रत्येकाला टार्गेट. माणसांना केस म्हणायचं. एका बैठकीत एका अधिकाऱ्यानं तिला सगळ्यांसमोर उभं करून विचारलं, तुमच्या केसेस किती, आणि केसेस येईपर्यंत पगार निघणार नाही, असं सांगितलं. ज्या पाड्यांवर पोरं धावत पुढे यायची, तिथे पांढरी साडी दिसली की माणसं रानात पळू लागली. पंधरा-सोळा वर्षं चालून कमावलेला विश्वास काही महिन्यांत गेला. आणीबाणी उठली तरी तो लगेच परतला नाही. पोराला गोवर झाला तरी सांगत नव्हते, बाई आली तर नाव लिहून नेईल म्हणून. किती मुलं त्यात गेली, याची नोंद कुठेच नाही.

तिनं तेव्हा काय केलं? दुसरं काही येत नव्हतं, ती पुन्हा चालू लागली. सुईणीच्या घरी जाऊन बसायची. कुणाचं गळू, कुणाच्या पायातला काटा, असलं काहीबाही करून द्यायची. रजिस्टर पिशवीतून बाहेर काढायचीच नाही. टार्गेट ठरवून देण्याची ती पद्धत सरकारनं अधिकृतपणे सोडली ती एप्रिल १९९६ मध्ये. त्याच वर्षी ती निवृत्त झाली.

सुईणींशी तिचं नातं हा वेगळा विषय आहे. शिकलेल्या माणसांनी सुईणीला अडाणी म्हणून बाजूला टाकलं, तेव्हा ज्यांनी तिला सोबत घेतलं त्यांना यश आलं. १९७० साली जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्यानं गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्याचं काम शिकवलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांच्या हाती नवजात बाळांची काळजी सोपवली, आणि बालमृत्यू कमी झाले. १९९९ साली त्यांचा शोधनिबंध ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. २००५ पासून आलेल्या आशाताईंची कल्पना या वाटेवरूनच आली आहे. आईला यातलं काही वाचायला मिळालं नव्हतं. तिला एवढंच दिसत होतं की सुईण पाड्यावर राहते आणि आपण राहत नाही. जी तिथे असेल तिला शिकवायचं.

आता घरातली आई. तुम्ही अपेक्षा कराल की मी सांगेन, एवढं करूनही तिनं आम्हाला काही कमी पडू दिलं नाही. तसं नव्हतं. कमी पडलं. आम्हा भावंडांना आजीनं वाढवलं. धाकट्या भावाला कांजण्या झाल्या तेव्हा आई लसीच्या दौऱ्यावर होती. शाळेच्या स्नेहसंमेलनात ती कधी दिसली नाही. दिवाळीत फराळ आजी आणि वडील करायचे. वडिलांच्या चकल्या चांगल्या व्हायच्या, आणि त्या काळी हे बाहेर सांगायची चोरी होती. हे सगळं मी तक्रार म्हणून सांगत नाही. एका बाईनं पस्तीस-चाळीस वर्षं असं काम केलं, तर त्या कामाची किंमत तिचं घरही चुकतं करत असतं, आणि त्या घरात एक आजी असते, एक नवरा असतो, जो लोकांच्या बोलण्याकडे लक्ष न देता कणीक मळतो. स्मृतिव्याख्यान त्यांचंही आहे. पण ज्या नर्सबाईच्या घरी अशी आजी नव्हती, असा नवरा नव्हता, तिनं काय केलं असेल? अशा बऱ्याच होत्या. एकट्या, परित्यक्ता, विधवा, उपकेंद्राच्या खोलीत मूल घेऊन राहणाऱ्या. रात्री दार वाजलं की बाहेर खरोखर पेशंटचा नवरा आहे की दारू प्यालेला कुणी, हे ओळखता येत नसे. तरी दार उघडावं लागे.

शेवटचं दीड वर्ष आई अंथरुणाला खिळली होती. तिची देखभाल करायला एक मुलगी ठेवली, गरीब, मनानं फार चांगली. ती आईचे पाय चेपायची, केस विंचरायची, आजी आजी म्हणून जीव लावायची. तिसऱ्या दिवशी आईनं तिला जवळ बोलावलं आणि शिकवायला सुरुवात केली. दर दोन तासांनी कूस बदलायची. चादरीला सुरकुती नको. टाच, घोटा, माकडहाड, खांद्याची पाती, कोपर, डोक्याची मागची बाजू, या जागा रोज बघायच्या. कातडी लाल दिसली तर बोटानं दाबायची. दाबल्यावर पांढरी होऊन पुन्हा लाल झाली तर वेळ आहे. लालच राहिली तर उशीर होतोय. त्या मुलीनं वहीत लिहून घेतलं. माझ्या आईनं स्वतःच्या अंगावर तिला नर्सिंग शिकवलं.

तेव्हा मला मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या अरुणा शानबाग आठवल्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या परिचारिकेवर तिच्याच रुग्णालयात अमानुष हल्ला झाला. १८ मे २०१५ रोजी त्या गेल्या. जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या नर्सेसच्या एकामागून एक पिढ्यांनी त्यांना सांभाळलं, आणि इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला नाही. २०११ साली सर्वोच्च न्यायालयानं आपल्या निकालात या नर्सेसची मुक्तकंठानं प्रशंसा केली. देशभर त्यांच्या प्रेमाचं कौतुक झालं. प्रेम होतंच. पण दर दोन तासांनी कूस बदलली गेली, रात्रपाळीत, सणावाराला, संपाच्या दिवसांतही, म्हणून कातडी शाबूत राहिली. तसंच २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री, मुंबईवरच्या दहशतवादी हल्ल्यात, कामा रुग्णालयात अंजली कुलथे यांनी प्रसूती विभागातल्या २० गर्भवतींना आतल्या छोट्या पँट्रीत हलवलं, दारं बंद केली, दिवे मालवले. त्यांचं धैर्य वादातीत आहे. पण कळा सुरू झालेल्या बाईला गोळीबार चालू असताना प्रसूतिगृहापर्यंत नेताना, तिला किती वेळ आहे, हे त्यांना कळत होतं. मला ते कळणं आठवावंसं वाटतं.

आता आजचं चित्र पाहू. महाराष्ट्रात २०१८ ते २०२० या काळात एक लाख जिवंत जन्मांमागे ३३ मातांचे मृत्यू झाले. देशाचा आकडा तेव्हा ९७ होता. १०८ ची गाडी आली, बाळंतपणं दवाखान्यात होऊ लागली, कळवणला उपजिल्हा रुग्णालय आहे, अभोण्याला ग्रामीण रुग्णालय आहे. आईच्या काळी नाशिकचं सिव्हिल गाठायचं तर ८० किलोमीटरच्या आसपासचा रस्ता आणि त्याआधी झोळीतून खाली आणायचा डोंगर, हे आज पुष्कळ कमी झालं आहे. ती हे बघून समाधानानं गेली. पण एकाच उपकेंद्रात कायम नोकरीतली एएनएम आणि कंत्राटी एएनएम शेजारी शेजारी बसतात, तेच काम करतात आणि वेगळा पगार घेतात, हे तिला शेवटपर्यंत पटलं नाही. आशाताईंना पगार नाही, कामागणिक मोबदला, हेही तिला पटलं नाही. ती म्हणायची, वार बघायला कंत्राटी डोळे वेगळे असतात का?

व्याख्यानमालेच्या मंडळींनी मला सांगितलं आहे की आईच्या नावानं काही उभं करावं, अशी गावाची इच्छा आहे. कमान, पुतळा, असा विचार चालू आहे. आमच्या घरच्यांच्या वतीनं माझी विनंती आहे की तसं करू नये. जमलेले पैसे पश्चिम पट्ट्यातल्या एखाद्या उपकेंद्राच्या राहत्या खोलीला लावावेत. आतून लागणारी भक्कम कडी, पाण्याची टाकी, संडास, सौर दिवा. परवानगीचा पाठपुरावा मी करीन, त्यासाठी मला आता भरपूर वेळ आहे.

आज कामावर असलेल्या काही नर्सताई आणि आशाताई समोरच्या दोन रांगांत बसल्या आहेत. कार्यक्रमपत्रिकेनुसार आता शाल आणि श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार आहे. अध्यक्षांच्या अनुमतीनं मी तो थोडा पुढे ढकलते. मला दिलेल्या वेळातली वीस मिनिटं शिल्लक आहेत, ती त्यांची. त्यांच्यापैकी ज्यांना वाटेल त्यांनी इथे येऊन, या ध्वनिक्षेपकावरून, आपल्या उपकेंद्रात या महिन्यात काय संपलं आहे आणि काय बिघडलं आहे, ते नाव घेऊन सांगावं. पंचायत समितीची मंडळी सभेत आहेत, त्यांनी लिहून घ्यावं. या, ताई.